आयर्न मॅनची फिगर घ्यायची आहे, तोंड डाउनीचंच हवं. सल्ला द्या

आबोली_फोंडा
धाकट्या भावाची चाळिशी यंदा दिवाळीच्या तोंडावर आहे. आयर्न मॅनचं वेड लहानपणासारखंच अजून आहे. नुसतं चिलखत चालणार नाही, हेल्मेट काढल्यावर सिनेमातला नट रॉबर्ट डाउनी ज्युनियर दिसायला हवा. हॉट टॉइज या कंपनीच्या हुबेहूब फिगरांच्या किमती बघितल्या आणि फोन खाली ठेवला. मग एका विक्रेत्याकडे तशीच बारा इंची सात हजारांत दिसली. डबा साधा तपकिरी, वर नाव ‘आर्मर हीरो’. चेहरा मात्र डिट्टो! घेऊ का? बजेट बारा हजार, फार तर पंधरा.

खाज्याची पुडी
घे गो बाय. भावाला कपाटात ठेवायचीय, कोर्टात न्यायची नाही.

चित्रशाळेतला
आबोलीताई, थांबा जरा. ‘आर्मर हीरो’ हे नावच सगळं सांगतं. आयर्न मॅन लिहिलं की त्या पात्राची मालक कंपनी मार्व्हल, तिचा परवाना लागतो. चेहऱ्याचा हक्क त्याहून वेगळा, तो नटाचा. पात्र विकत घेतलं म्हणजे तोंड आपोआप मिळत नाही. अमेरिकेत ‘चीअर्स’ मालिकेतल्या दोन पात्रांसारखे रोबो विमानतळांवरच्या बारमध्ये बसवले होते. बारवाल्या कंपनीने पॅरामाउंट या स्टुडिओकडून रीतसर परवाना घेतला होता, तरी ती पात्रं करणारे नट जॉर्ज वेंट आणि जॉन रॅट्झनबर्गर कोर्टात गेले. मालिकेचा कॉपीराइट स्टुडिओकडे असला म्हणून नटांचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क संपत नाही, असं अपील कोर्टाने १९९७ मध्ये म्हटलं. म्हणूनच पुष्कळदा पात्र ओळखू येतं, पण तोंड शेजारच्या कुणाचं तरी वाटतं.

आपल्याकडेही आहे. दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या आणि त्याच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या दुकानांत आल्या होत्या, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्या विकायला मनाई केली. अनिल कपूरच्या चेहऱ्याला तर २०२३ मध्ये ‘झकास’सकट कोर्टाचं संरक्षण मिळालं.

ही जोखीम विकणाऱ्याची, तुमच्या दारात कुणी पोलीस येणार नाही. पण सांधा निखळला तर त्या तपकिरी डब्यावर तक्रार करायला पत्ता तरी आहे का?

खाज्याची पुडी
मग मागच्या साली आमच्या वाड्यावरच्या नरकासुराला एका हिरोचं तोंड लावलं होतं, त्याचं काय? 😄

चित्रशाळेतला
त्याला पहाटे जाळलात की नाही? मुखवटे करून म्हापशाच्या बाजारात विकले असते तर गोष्ट वेगळी.

मांडवीकाठ
परदेशातून मागवायचा विचार असेल तर एक सांगतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. माझं एक पार्सल महिनाभर अडकलं, आणि सुटलं तेव्हा भरलेल्या पैशांत दुसरी फिगर आली असती. भारतात आधीच आलेला माल घ्या. डब्यावर मार्व्हलची कॉपीराइटची ओळ, बनवणाऱ्याचं नाव आणि आयात करणाऱ्याचा पत्ता हवा. यातलं एक जरी नसेल तर सोडा.

माझं मत, बारा इंचीचा हट्ट सोडा. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या मार्व्हल लेजंड्स मालिकेत सहा इंची टोनी स्टार्क, म्हणजे चिलखतातला आयर्न मॅनच, डाउनीच्या चेहऱ्याचा मिळतो. बजेटात बसतो, वर पैसे उरतील. फक्त सगळ्या आवृत्त्यांत तोंड नसतं, काहींत नुसतं हेल्मेट, तेव्हा डब्याचा फोटो मागवून बघा.

आबोली_फोंडा
सहा इंची म्हणजे वीतभरही नाही हो! पण बरं, तोंड तरी खरं. उरलेल्या पैशांचं काय करू?

चित्रशाळेतला
काचेची पेटी करून घ्या. आपल्या पावसाळ्यात फिगरचं पीव्हीसी प्लास्टिक चिकट होतं, आणि नकली चामड्याचे कपडे असलेल्या बारा इंचींची तर सालं निघतात. सिलिका जेलची पुडी आत ठेवा, ऊन लागू देऊ नका, आणि पेटी गच्च बंदही करू नका, थोडी हवा खेळली पाहिजे.

खाज्याची पुडी
आणि उरलेच तर माझ्यासाठी खाजें.