परदेशातला वाहतूक दंड घरी परत आल्यावर भरलात? अनुभव लिहा

आंब्याचा हिशेब आटोपला की आमच्या रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातली बरीच मंडळी हल्ली परदेशी फिरून येतात. टूर कंपनीच्या बसपेक्षा भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवायचा कल वाढलाय. आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला की झालं. पण परत आल्यावर काही महिन्यांनी दंडाची नोटीस दारात येते, आणि गावात कोणाला विचारायचं ते कळत नाही. बँकेतला कॅशियर आपल्याकडे बघतो, आपण त्याच्याकडे. म्हणून हा धागा. कुठला देश, किती रक्कम, इथून पैसे कसे पाठवले, कुठे अडलं, सगळं सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

आमचं प्रकरण इटलीचं, 2023 मधलं. फ्लोरेन्सच्या जुन्या शहरात झेडटीएल असते, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असलेला भाग. माथेरानला जाताना दस्तुरी नाक्याला गाडी ठेवावी लागते तसंच, फक्त इथे नाकाही नाही आणि अडवणारा माणूसही नाही. लाल कड असलेला पांढरा गोल, त्याखाली वेळा लिहिलेली पाटी आणि वर कॅमेरा. नकाशाच्या ॲपने दाखवलेला रस्ता त्यातूनच जात होता.

घरी आल्यावर कार्डावरून पन्नासेक युरो कापले गेले. घरात सगळ्यांना वाटलं, दंड गेला, विषय संपला. तसं नसतं! ते पैसे गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचे, आपलं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दलचे. खरा दंड वेगळा येतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात 360 दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहल विसरून गेल्यावर पत्र येतं. आमचं ऐन गणपतीत आलं, रजिस्टर्ड, पोस्टमनने सही घेऊन दिलं. आत गाडीचा नंबर, रस्त्याचं नाव, मिनिटापर्यंत वेळ, प्रकरण क्रमांक आणि पैसे भरायच्या संकेतस्थळाचा कोड. मूळ दंड 83 युरो, वर टपाल आणि प्रक्रियेचा खर्च. पत्र मिळाल्यापासून 5 दिवसांत भरलं तर दंडावर 30 टक्के सूट, म्हणजे 58.10 युरो. 60 दिवस उलटले की तोच आकडा 166 वर जातो. पाहुणे, आरत्या, मोदक सगळं चालू असतानाच बायकोने लॅपटॉप उघडून पैसे भरले. दोनदा त्या हद्दीत शिरलो होतो, तर दुसरी नोटीस वेगळी आली आणि कंपनीने शुल्कही परत वेगळं घेतलं.

चिपळूण
मी बँकेत परकीय चलनाचं काम पाहायचो, म्हणून पैसे पाठवण्याबद्दल लिहितो. कार्डाने भरता येत असेल तर कार्डानेच भरा. 2020 पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपण सुरू करेपर्यंत बंद असतात. ॲपमध्ये जाऊन ते आधी चालू करा, काम झालं की बंद करा. बँक वर दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावते, तेवढं धरून चाला.

काही नोटिशींवर फक्त आयबॅन, म्हणजे तिकडच्या बँक खात्याचा क्रमांक असतो, तेव्हा बँकेतूनच पाठवावे लागतात. तालुक्याच्या शाखेत हे काम बहुधा होत नाही. परकीय चलनाचे अधिकार असलेल्या शाखेत जा. परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-टू, पॅन, पासपोर्टची प्रत आणि नोटीस न्या. आता सगळ्यात महत्त्वाचं: फॉर्मवर शुल्क कोणाकडे, असा रकाना असतो. तिथे सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असंच लिहा. नाहीतर मधली बँक आपले पैसे कापून घेते, तिकडे दहा-पंधरा युरो कमी पोचतात आणि दंड अपुरा भरला असं धरतात. माझ्या काउंटरवर माणसं याच कारणाने रडकुंडीला येऊन बसलेली पाहिली आहेत, पैसे भरूनही पुन्हा पत्र आलेली. संदेशाच्या रकान्यात प्रकरण क्रमांक आणि गाडीचा नंबर टाका, आणि व्यवहाराची स्विफ्ट प्रत, म्हणजे पैसे गेल्याचा बँकेचा पुरावा, मागून घ्या.

खेड
आमच्या भागात घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे दुबईचा अनुभव सगळ्यांना. तिथे पत्राबित्राची भानगड नाही. गाडीचा नंबर टाकला की दंड पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतो. भाड्याची गाडी असेल तर कंपनीच आपल्या कार्डावरून वसूल करते, स्वतःचं शुल्क लावून. भावाला सांगून ठेवलंय, गाडी परत दिल्यावरही काही आठवडे नंबर टाकून बघत जा आणि कंपनीने कापलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहा. सालिकचे पैसे कापले तर घाबरू नका, तो टोल आहे. आणि दुबईत मर्यादेच्या वर वीसपर्यंत कॅमेरा पकडत नाही म्हणून अबुधाबीतही तसंच चालवणारे खूप आहेत. तिथे 2018 पासून ती सवलत काढलेली आहे. पाटीवर आहे तोच आकडा.

गुहागर
स्वित्झर्लंड. गावात 50 ची मर्यादा, आमचा वेग त्यांच्या मोजणीतली सूट वजा करून 7 ने जास्त. दंड 120 फ्रँक. पाचच्या आत असता तर 40, आणि 11 ते 15 असता तर 250. पत्र जर्मनमध्ये, पण मुलीने फोनवर भाषांतर केलं. 30 दिवसांची मुदत होती, कार्डाने भरले, दोन मिनिटांत झालं. एकदम स्वच्छ कारभार.

मालवण
मुलगा इंग्लंडात असतो. त्याच्याकडून केंटला जाताना टेम्सवरचं डार्टफर्ड क्रॉसिंग लागतं. टोलनाका नाही, 2014 मध्येच काढून टाकला. सकाळी 6 ते रात्री 10 या वेळात पार केलं तर दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत आपणच ऑनलाइन पैसे भरायचे. नाही भरले तर 70 पौंडांची नोटीस, 14 दिवसांत भरली तर 35. मुलाच्या मित्राने भाड्याची गाडी घेतली होती. त्याची नोटीस आधी कंपनीकडे, तिथून मालवणात त्याच्या घरी. तो आमच्याकडे कागद घेऊन आला तेव्हा सवलतीची मुदत संपायच्या बेतात होती. आमच्या ह्यांनी वाचून एवढंच सांगितलं, "आत्ताच भर आणि मोकळो हो." भरला, 35 वर सुटला. म्हणून म्हणते, घरी कोणी नसेल तर शेजारी सांगून ठेवा, परदेशी टपाल आलं की फोन करा.

देवगड
सगळ्यांनी भरा म्हटलंय, पण थोडं थांबून बघण्यासारखीही प्रकरणं असतात. आमचं हॉटेलच झेडटीएलच्या आत होतं. अशा वेळी हॉटेल आपला गाडीनंबर पालिकेला कळवतं आणि प्रवेश चालतो. नंबर आम्ही मेलने दिला होता, हॉटेलने कळवायला उशीर केला असावा. इटलीत दंड भरला की तक्रारीचा हक्क संपतो, म्हणून आधी ठरवायचं. प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, किंवा स्थानिक न्यायाधीशाकडे दाद मागता येते. परदेशात राहणाऱ्याला दोन्हीकडे 60 दिवसांची मुदत असते. पण प्रीफेक्टने अर्ज फेटाळला तर किमान दंड दुप्पट होतो. हातात लेखी पुरावा असेल तरच त्या वाटेला जा. आमच्याकडे मेल होता, हॉटेलचं उत्तर होतं, बुकिंगची पावती होती. इटालियन येणाऱ्या ओळखीच्या मुलीकडून अर्ज लिहून घेतला, रजिस्टर्डने पाठवला. दंड रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा घरात खरंच आनंद झाला. पैशाचा प्रश्न नव्हता, आम्ही नियमाने गेलो होतो. कंपनीचं शुल्क मात्र परत मिळालं नाही.

सावंतवाडी
देवगडकरांनी पुराव्याचं लिहिलंय त्याला जोडून. परदेशी दंड थकलाय, या लिंकवर भरा, असे मेसेज परत आलेल्यांना येतात. आपल्याकडच्या खोट्या ई-चलानच्या एपीके फायलीसारखीच लुबाडणूक. माझ्या मामेभावाला आला, तो भरायलाच निघाला होता. आम्ही भाड्याचा करार काढून गाडीचा नंबर जुळवला, जुळेना. तारीखही सहल संपल्यानंतरची. नोटीस खरी असेल तर नंबर, दिवस, वेळ, जागा सगळं असतं. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, त्या शहराच्या पालिकेचा किंवा पोलिसांचा पत्ता स्वतः शोधून तिथे प्रकरण क्रमांक टाका.

रत्नागिरी
खूप उपयोगी माहिती जमली. चिपळूणच्या काकांना विचारायचं होतं: एकाच माणसाच्या दोन नोटिशी असतील तर एकत्र रक्कम पाठवली तर चालते का?

चिपळूण
नको. प्रकरण क्रमांक दोन, तर व्यवहारही दोन. शुल्क दोनदा पडेल, पडू दे. भाड्याचा करार, नोटीस आणि पावती एकाच फाइलला लावून ठेवा. पुन्हा पत्र आलं तर ती पावतीच पाठवायची असते.