मदत हवी आहे: कुत्र्याला डास फार चावतात, घरात मांजरही आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळच्या गावात राहतो. आमचा खंड्या रात्री पडवीत झोपतो. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्या कानांच्या कडांवर आणि नाकाच्या शेंड्यावर डास अक्षरशः चिकटून बसतात. खाजवून खाजवून डाव्या कानाच्या टोकावर खपली धरली आहे. बघवत नाही हो.

डासांमधून कुत्र्यांना हृदयातल्या जंतांचा आजार होतो. म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासून मग महिन्याला एक गोळी सुरू केली. तो भाग झाला. पण चावणं कसं थांबवायचं?

डास पळवणारं औषध मानेवर लावतात, त्यात परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विषारी. आमची मनी रोज खंड्याच्या पोटाशीच झोपते, त्यामुळे ते नकोच. कडुलिंबाचा धूर केला तर खंड्या शिंकत अंगणात जातो. मच्छरदाणी दोन रात्रींत फाडली.

कुणी लाकडी चौकटीला बारीक जाळी मारून झोपायची जागा केली आहे का? हवा खेळती राहते का? की रात्रभर पंखा पुरतो? कानाच्या खपलीला काय लावता, तेही सांगा. चाटलं तरी चालेल असंच हवं.