आवाजाची ‘पट्टी’ म्हणावं का?

प्रश्न
माझ्या जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स आहे, म्हणजे म्युझिक प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या मेनूचं मराठी करतोय, सध्या घरच्यांपुरतंच. एका जागी अडलो. पडद्याच्या वरच्या पट्टीत आवाज दोन तऱ्हांनी दाखवता येतो, ग्राफिक किंवा न्यूमरिक. ‘व्हॉल्यूम डिस्प्ले’चं मी ‘ध्वनिपातळी प्रदर्शन’ केलं होतं आणि खाली ‘आलेखी / संख्यात्मक’. आईने वाचून विचारलं, प्रदर्शन कुठे भरलंय? ‘पट्टी / आकडा’ कसं वाटतं?

प्रतिसाद
‘वरच्या पट्टीत आवाज’ वाचून मला आधी वाटलं, गाण्याबद्दल विचारताय! अडचण तीच आहे. आवाज आणि पट्टी शेजारी आले की आपल्याला पेटी आठवते. ‘माझी पट्टी काळी दोन’ म्हणजे सा कुठे लावायचा ते, आवाज लहान की मोठा याचा तिथे संबंध नाही. उलट ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ म्हणताना उंच स्वर, मोठा आवाज आणि राग, तिन्ही येतात. मेनूत एवढं सगळं कशाला? शिवाय रॉकबॉक्समध्ये धड पट्टीही नसते, उभ्या रेघांची चढण असते. ‘चित्र’ म्हणा.

प्रतिसाद
माझा आक्षेप ‘ध्वनिपातळी’ला. गणपतीत बातम्यांमध्ये येते ती ध्वनिपातळी: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा. ती हवेत मोजतात. प्लेअरवर डेसिबेल हाच शब्द असला तरी ते मोजमाप वेगळं. तुमच्या कानात किती आवाज पडतोय हे प्लेअरला कळत नाही, ते हेडफोनवरही अवलंबून. तिथे शून्य ही नेमून दिलेली खूण असते आणि उणे २० म्हणजे त्या खुणेच्या २० डेसिबेल खाली. साधा ‘आवाज’ ठेवा. फारसी म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे, रेडिओचा आपण आवाजच बारीक करतो.

प्रश्नकर्ता
उणे आकडा पाहून आई म्हणते, बिघडलंय. टक्के दाखवले तर?

प्रतिसाद
टक्के दिसायला सोपे, पण कशाचे? शक्ती निम्मी केली तर जेमतेम ३ डेसिबेल उतरतात, कानाला थोडासाच फरक. ऐकायला निम्मा वाटायला साधारण १० उतरावे लागतात. त्यामुळे ‘५० टक्के’ वाचून माणूस जे समजेल ते बहुधा चूकच. आईंना चित्र लावून द्या, आकडा तुम्ही वापरा.

प्रश्नकर्ता
‘आवाज कसा दाखवायचा: चित्राने / आकड्याने’ असं केलं. ओळ पडद्यात मावत नाही, पण तिच्यावर थांबलं की सरकते. आईने चित्र ठेवलंय.