ल्युकेमिया: एक जनुक बिघडतं की सगळं जाळंच विस्कटतं?
(‘केंद्रक’, ‘अस्थिमज्जा’ आणि ‘गुणसूत्र’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

केंद्रक
ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषय निघाला की ‘कुठलं जनुक बिघडलं?’ या प्रश्नापाशी बहुतेक जण थांबतात. मला हे अपुरं वाटतं. एनपीएम-१ हे जनुक घ्या. एएमएल या वेगाने वाढणाऱ्या ल्युकेमियात या जनुकाच्या टोकाशी बहुधा डीएनएची चारच अक्षरं जादा घुसतात. तेवढ्याने एरवी केंद्रिकेत (केंद्रकाच्या आतल्या एका भागात) राहणारं त्याचं प्रथिन बाहेर पेशीद्रवात जाऊन बसतं आणि जनुकाच्या दुसऱ्या, निरोगी प्रतीपासून बनलेल्या जोडीदारालाही सोबत ओढून नेतं. आता या प्रथिनाच्या इतर प्रथिनांशी ज्या भेटी केंद्रकात व्हायच्या, त्यांचं काय? अशा भेटींचंच पेशीत एक जाळं असतं. आजार या तुटलेल्या आणि नव्याने जुळलेल्या संबंधांत आहे, असं माझं ठाम मत आहे.

अस्थिमज्जा
मुळीच पटलं नाही. सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियाचा इतिहास बघा. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउलींनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. त्यातून बीसीआर आणि एबीएल जुळून बनलेलं बीसीआर-एबीएल हे जनुक हाती लागलं आणि २००१ मध्ये त्याच्या प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. एक दोषी, एक औषध. कुठलं प्रथिन कुणाला भेटतं हे दाखवणाऱ्या जाळ्याच्या नकाशांवाचून माणसं जगली!

केंद्रक
पण बीसीआर-एबीएल घातक का ठरतं? बीसीआरच्या तुकड्यामुळे या प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीला वाढीचे इशारे देणारं एबीएल कायम चालू राहतं. बीसीआरमधल्या १७७ व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलं की तिथे जीआरबी-२ हे प्रथिन येऊन जुळतं आणि पुढे रॅसचा, म्हणजे पेशीला वाढायला सांगणारा, मार्ग पेटतो. म्हणजे तुमचा ‘एक दोषी’सुद्धा नवी नाती जोडूनच काम साधतो. शिवाय इमॅटिनिबने बीसीआर-एबीएल थंडावलं तरी ल्युकेमियाच्या काही मूळपेशी तग धरतात. त्या कशाच्या आधारावर?

अस्थिमज्जा
मूळपेशींचा मुद्दा मान्य. पण टी३१५आय या बदलात एबीएलमधलं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि इमॅटिनिब निकामी होतं. त्यावर पोनॅटिनिब हे औषध सापडलं ते त्या एकाच प्रथिनाचा खिसा (जिथे औषध बसतं ती खाच) बारकाईने पाहून. तुमच्या नकाशांतल्या कितीतरी जोड्या यीस्टमध्ये किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तपासलेल्या असतात. रुग्णाच्या मज्जेत त्या घडतातच, हे कोणी पाहिलं? त्यात पी-५३ सारख्या प्रथिनांवर अभ्यास जास्त, म्हणून त्यांच्याभोवती रेषाही जास्त. त्यावरून उपचार ठरवायला माझा सक्त विरोध आहे.

गुणसूत्र
नकाशांबद्दलचा आक्षेप रास्त आहे, पण त्यासाठी भेटींचा विचारच सोडायचं कारण नाही. मेनिन आणि केएमटी-२ए या प्रथिनांची जोडी पाहा. केएमटी-२एचं जनुक अनेक वेगवेगळ्या जनुकांशी जोडलं जाऊन ल्युकेमिया घडवतं. प्रत्येक जोडीवर वेगळं औषध कुठून आणणार? पण त्या सगळ्यांना मेनिनचा हात धरावाच लागतो. रेव्हुमेनिब हे औषध नेमका तोच हात सोडवतं. २०२४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

अस्थिमज्जा
आणि काही रुग्णांत मेनिनच्याच जनुकात बदल होऊन औषध बसेनासं झालं, केएमटी-२ए मात्र चिकटतच राहिलं. पुन्हा एकाच जनुकापाशी आलो ना?

केंद्रक
तो बदल टिकला, कारण त्याने ती भेट शाबूत ठेवली. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.