पोटगी, खावटी की निर्वाह भत्ता?

अनुवादिनी: घटस्फोटाच्या कायद्यावरची एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. मूळ इंग्रजीत मेंटेनन्स आणि ॲलिमनी असे दोन शब्द आहेत, मी दोन्हीकडे पोटगी लिहिलं तर संपादकांनी सगळं खोडून निर्वाह भत्ता केलं, म्हणाले पोटगी हा शब्द बाईला कमी लेखतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ म्हणजे केस चालू असतानाची रक्कम आणि २५ म्हणजे निकालाच्या वेळची किंवा नंतरची, या दोन्हींना तुमच्याकडे काय म्हणतात?

घाटमाथा: पोटगी पेपरात वाचतो. आमच्याकडे बायका "खावटीचा दावा टाकलाय", "खावटी थकलीय" असंच म्हणतात.

जुनी पोथी: खावटी म्हणजे खाण्यापुरतं, आदिवासी भागातलं खावटी कर्ज त्यातलंच. आमच्या घरच्या जुन्या वाटणीपत्रात विधवा काकूला 'अन्नवस्त्र' द्यावे असं आहे, किती स्वच्छ शब्द. पोटगीतला 'गी' माझ्या मते देणगीतलाच, फारसी वळणाचा.

मराठीप्रेमी: भत्ता मला मुळीच पटत नाही. महागाई भत्ता, प्रवास भत्ता, म्हणजे मालकाने नोकराला द्यायचं ते. बायको काय नोकरीला होती का नवऱ्याकडे? हिंदीतला गुजारा भत्ता उचललाय झालं. निर्वाहखर्च लिहा.

अनुवादिनी: पण खर्च म्हटलं की पावत्या दाखवून मागायचा असं वाटतं ना. आणि पोटगीत फक्त पोट येतं, घरभाडं, मुलांची फी, औषधं कुठे येतात?

वकीलताई: येतात की. शब्द जुना राहिला, अर्थ वाढला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) २००१ पर्यंत केंद्राच्या कायद्यात महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा होती, तेव्हा पोटगी खरंच पोटापुरतीच होती. आता कोर्ट दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, लग्नात असतानाचं राहणीमान, मुलं कोणाकडे, बाईने संसारासाठी नोकरी सोडली का, नवऱ्यावर म्हातारे आईवडील अवलंबून आहेत का, सगळं बघतं. आणि कमवत्या बाईलाही मिळू शकते, नुसती नोकरी आहे म्हणून अर्ज फेटाळत नाहीत.

निखिल ठाणे: पगाराच्या २५ टक्के असा नियम आहे ना पण?

वकीलताई: नाही हो! २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के योग्य म्हटलं, तेव्हापासून लोक तोच आकडा धरून बसलेत. कायद्यात टक्केवारी कुठेच नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात. याने खूप फरक पडलाय, आधी काही कोर्टं आदेशाच्या तारखेपासून धरायची, मधली वर्षं बाईने काढायची कशी?

निखिल ठाणे: आणि नवऱ्याला?

वकीलताई: कलम २४ आणि २५ खाली नवराही मागू शकतो. १४४ खाली मात्र पत्नी, मुलं आणि आईवडील.

मराठीप्रेमी: म्हणजे म्हाताऱ्या आईला मुलाने द्यायचे तेही पोटगीच? मग तर शब्द बाईला कमी लेखतो हा मुद्दाच गेला.

घाटमाथा: गेला कसा? गावात "पोटगीवर जगते" असंच बोलतात, आईबद्दल असं कोणी बोलत नाही. शब्द बदलून ते थांबणार नाही हे खरं, पण संपादकांचा राग मला समजतो.

जुनी पोथी: मी म्हणतो, अन्नवस्त्र परत आणा.

अनुवादिनी: अहो, २४ आणि २५ चं काय करू? अंतरिम पोटगी आणि कायम पोटगी लिहू का?

वकीलताई: अंतरिम ठीक, कोर्टात तेच चालतं. 'कायम'ने मात्र लोक फसतात. परिस्थिती बदलली तर कलम २५ खालची दरमहाची रक्कम कमी-जास्त होते आणि घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर आदेश रद्दही होऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका कायम म्हणजे मरेपर्यंत असंच धरून चालतात, तळटीप तरी टाकाच.

मराठीप्रेमी: मग 'कायम'च्या जागी 'निकालोत्तर' का नको?

घाटमाथा: निकालोत्तर? माझ्या बहिणीला पहिल्या वाचनात कळेल असं काहीतरी लिहा हो.