मदत हवी आहे: पाण्याचं रॉकेट सरळ जातंय, पण छत्री (पॅराशूट) वेळेवर उघडत नाही (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. हायड्रॉलिक सिलेंडरचे पिस्टन, ग्लँड, बुश असलं जॉबवर्क करत वीस वर्षं झाली. रॉकेटचं शिक्षण काही नाही. पण दिवाळीपासून दर रविवारी येळ्ळुरात बहिणीकडं जातो आणि भाची व गल्लीतली सहा-सात पोरं मिळून पाण्याची रॉकेटं उडवतो. आता एका जागी अडकलोय. कुणी हे केलं असेल तर सांगा.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच आलाय. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा भाची सहावीत होती. सहा वाजून चार मिनिटांनी टाळ्या वाजल्या, बहिणीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, आणि या पोरीनं विचारलं, "मामा, ज्या रॉकेटनं ह्याला वर नेलं ते कुठं हाय आता?" मी म्हटलं, खालचे टप्पे समुद्रात पडतात. "म्हंजे पुढच्या खेपेला परत सगळं नवं करायचं?" मला उत्तर सुचलं नाही. रात्री वाचत बसलो. २०१५ च्या डिसेंबरात फाल्कन-९ चा पहिला टप्पा उपग्रह सोडायचं आपलं काम करून परत आला आणि जमिनीवर उभा उतरला, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. अवकाशात जाणं स्वस्त करायचं तर वर नेणारं यंत्र मोडता कामा नये. मी दिवसभर यंत्रावरच असतो, त्यामुळं हे मला लगेच पटलं. एक जॉब काढून लेथ भंगारात घालायची असती तर कुठला धंदा चालला असता?

तेव्हापासून भाचीचा नियम एकच. आपलं रॉकेट परत आलं पाहिजे, आणि न मोडता.

आता रॉकेट कसं आहे ते सांगतो. सव्वादोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, व्यास ११ सेंमी. साध्या पाण्याची बाटली वापरत नाही, ती दाब सोसत नाही. पुढं पुठ्ठ्याची नळी, त्यात छत्री, त्यावर टोपण. एकूण लांबी ५५ सेंमी. मागं सनबोर्डचे तीन पंख. बाटलीत एक तृतीयांश पाणी, वर सायकलच्या पंपानं पाच किलोपर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला) हवा. तोंडाशी बसणारा पितळी नोझल मी लेथवर काढलाय. त्यावर गळती थांबवणारी रबरी ओ-रिंग आहे, आणि बाटलीच्या मानेला धरून ठेवायला नायलॉनच्या केबल टायचा गराडा. दोरी ओढली की गराडा सुटतो. दोरी दहा मीटर लांब, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर कारखान्यातले चष्मे. ह्यात सूट नाही.

प्रत्येक नवी बाटली मी आधी काठोकाठ पाण्यानं भरून आठ किलोवर पाच मिनिटं ठेवतो. आमच्याकडं सिलेंडर असाच टेस्ट करतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं बाटली फुटली तरी चिरते आणि पाणी सांडतं. तीच हवेनं भरून फुटली तर तुकडे उडतात. शाळेत मुलांकडून रॉकेट करून घेणाऱ्या शिक्षकांनी एवढं मात्र जरूर करावं.

एका जानेवारीच्या पहाटे, धुकं असताना, तीच ओ-रिंग गळायला लागली. रात्रभर अंगणात राहून कडक झाली होती. मुठीत धरून ऊब दिली तशी बसली. पोरांना तिथंच माळावर सांगितलं की २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान गेलं ते थंडीत कडक झालेल्या अशाच रबरी रिंगेमुळं, आणि आत सात माणसं होती. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. आता दर वेळी ओ-रिंग बोटानं दाबून बघायचं काम त्यांचं त्यांनीच वाटून घेतलंय.

पहिला त्रास कोलांट्यांचा होता. वर दहा-बारा मीटर जायचं आणि उलटायचं. तो सुटला. रिकामं रॉकेट दोरीनं तोलून बघितलं तर वजनाचा मध्य टोकापासून २९ सेंमीवर. मग रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापली आणि तो पुठ्ठा पट्टीवर तोलला. तो ३४ सेंमीवर तोलला, म्हणजे वाऱ्याच्या दाबाचा मध्य साधारण तिथं. दोन्हींत निदान एका व्यासाचं अंतर हवं, आमचं पाचच सेंमी. गावातल्या मूर्तिकाराकडून शाडू आणून टोपणात ६० ग्रॅम लावला. वजनाचा मध्य २४ वर आला, अंतर जवळजवळ एका व्यासाएवढं झालं, आणि रॉकेट सुतात गेल्यासारखं सरळ वर.

उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि नट बांधलाय. ४० मीटर लांब उभं राहिलं की कोन ४२ अंश येतो, म्हणजे ३६ मीटर, अधिक बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. गोडार्डचं द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट १६ मार्च १९२६ ला १२.५ मीटर गेलं होतं, हे मी सांगितलं तेव्हा पोरांनी जो आरडाओरडा केला तो जवळच्या राजहंसगडावर ऐकू गेला असेल.

आता अडचण. छत्री खरोखरच छत्रीची आहे, लहान मुलांच्या जुन्या छत्रीचं नायलॉन, व्यास ६० सेंमी, आठ काड्यांच्या जागी आठ दोरे. ती उघडली की रॉकेट सात-आठ सेकंदांत अलगद उतरतं. पण उघडतच नाही. टोपण नळीसकट निघतं. त्याला मी नायलॉनची रिंग काढलीय, ती बाटलीच्या बुडाकडच्या अंगावर बसते. वर पोचून रॉकेट कललं की टोपण आपोआप सुटावं अशी कल्पना. रिंग एक दशांश मिलिमीटर सैल केली की पाणी संपताच, अजून वर जात असतानाच टोपण निघतं आणि छत्री फाटते. तेवढीच घट्ट केली की जमिनीत रुतेपर्यंत निघत नाही. भाची म्हणते, "मामा, वर जातंय की बरोबर, छत्री तेवढी उघडंना झालीय." २३ उड्डाणांत छत्री नीट उघडली सहा वेळा. आमच्या कारखान्यातले फाउंड्रीचे मेस्त्री बघायला आले होते, ते प्रत्येक वेळी कानडीत "तडीरी, तडीरी" (थांबा, थांबा) म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी रॉकेट माळात घुसलं.

मी मायक्रोमीटर लावून आठ रिंगा काढल्या. फिट बदलून काम होत नाही एवढं कळलं. का होत नाही ते कळत नाही.

अजून एक विचारायचं होतं. एका पोराच्या चुलतभावानं घरी इंधन मिसळून रॉकेट करायचा व्हिडिओ पाठवला. मी पोरांना स्पष्ट नाही म्हटलं, आणि ते बदलणार नाही. पण त्यांना पुढची पायरी दाखवायची कुठं? २००४ साली अमेरिकेत हौशी मंडळींचं रॉकेट ११६ किमीवर गेलं, २०१९ ला तिथल्या कॉलेजच्या पोरांचं १०० किमीच्या रेषेपलीकडं गेलं, हे त्यांना पाठ झालंय. सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या पोरांना हे सगळं सिनेमातलं वाटू नये, एवढंच वाटतं.

प्रतिसाद

दादा, आठ किलोची पाण्याची टेस्ट वाचून बरं वाटलं. दहापैकी नऊ जण ती करत नाहीत.

तुमची रिंग बाटलीवर बसते म्हणालात. ती मायक्रोमीटरनं मोजली तेव्हा बाटली रिकामी होती ना? पाच किलोवर बाटली फुगते. पाणी संपलं की परत आकसते. म्हणजे जोडावर बसताना फिट एक, उडताना वेगळा, वर पोचल्यावर तिसराच. तुम्ही दशांशात सुधारणा करताय आणि खालचा जॉबच हलतोय. एकदा दाब देऊन व्हर्निअर लावून बघा.

दुसरं, पाणी संपल्यावर पंखांमुळं बाटलीला हवा मागं ओढते आणि शाडू भरलेलं जड टोपण पुढं जायला बघतं. सैल फिट तिथंच सुटणार. त्यामुळं फिटवर अवलंबून राहूच नका. टोपण पक्कं चिकटवा. नळीच्या बाजूला एक दार कापा, त्यावर रबर बँड ताणा, आणि ते नऊ ग्रॅमच्या छोट्या सर्व्होच्या (सांगू तेवढीच फिरणारी मोटर) आकड्यात अडकवा. रॉकेट सुटताना एक पिन खाली राहील अशी बांधा. पिन निघाली की टायमर सुरू. ३६ मीटरला वर जायला अडीच सेकंदांच्या जरा वर लागतात, तेवढ्यावर दार उघडा. दाराच्या आत छत्रीमागं स्पंजचा तुकडा दाबून ठेवलात तर तो छत्रीला बाहेर ढकलेल. सर्व्हो आणि टायमर चालवणारा छोटा बोर्ड मिळून फार खर्च नाही, आणि पोरं कोडिंगही शिकतील.

प्रतिसाद

इंधनाबद्दल तुम्ही नाही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर. १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम याला लागू होतात, परवान्याचं काम नागपूरच्या पेसोकडं (स्फोटकांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) असतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बोटं परत येत नाहीत. पाण्याच्या रॉकेटात शिकायचं अजून खूप शिल्लक आहे.

भाची आठवीत असेल तर पुढच्या वर्षी नववी. इस्रोचा युविका हा उपक्रम नववीच्या मुलांसाठीच आहे, २०१९ पासून चालतो. उन्हाळी सुट्टीत मुलांना इस्रोच्या केंद्रात राहून शिकायला मिळतं. अर्जाकडं जानेवारीपासूनच लक्ष ठेवा, मुदत लवकर संपते. ग्रामीण भागातल्या शाळेला गुण मिळतात, त्यामुळं येळ्ळूरची शाळा ही अडचण समजू नका. मोठी झाल्यावर इन-स्पेस या सरकारी अवकाश संस्थेच्या, कॉलेजच्या मुलांसाठीच्या मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) स्पर्धा आहेत. आणि एकदा सगळ्यांना श्रीहरिकोट्याला न्या. तिथल्या प्रेक्षक गॅलरीत सामान्य माणसाला नोंदणी करून उड्डाण बघता येतं.

पोरांना १८ नोव्हेंबर २०२२ चं विक्रम-एसचं उड्डाणही सांगा. हैदराबादच्या खासगी कंपनीचं रॉकेट, ८९.५ किमी गेलं.

सांबऱ्याचा विमानतळ तुमच्यापासून लांब आहे हे ठीक, तरी बेळगाव लष्कराचं गाव आहे. गावच्या पंचायतीला आणि पोलीस ठाण्याला एक पत्र देऊन ठेवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

बाटली पाण्यानं भरून शून्यावर आणि पाच किलोवर व्हर्निअर लावला. दीड मिलिमीटर फरक! मी दशांशासाठी आठ रिंगा काढत होतो आणि खाली दीड मिलिमीटर हलत होतं. गरम जॉब मोजू नकोस, गार होऊ दे, हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगतो. इथं दाबाखाली मोजायचं मला सुचलं नाही. भाचीनं तो आकडा तिच्या वहीत लाल पेनानं लिहिलाय.

टोपण चिकटवलं, बाजूला दार केलं. सर्व्होचा आकडा मी सायकलच्या स्पोकचा वाकवून केला. कोडिंग आमच्यातल्या दहावीच्या पोरानं शाळेच्या संगणकावर बसून शिकून घेतलं. आधी घरात टेबलावर पिन ओढून वीस वेळा बघितलं, वीसही वेळा दार उघडलं. एकदा तर बहिणीच्या चहात छत्री पडली.

या रविवारी माळावर पाच उड्डाणं केली. दोन पूर्णांक सात सेकंदांवर दार. चार वेळा छत्री अशी उघडली की पोरं खाली हात पसरून धावत होती, झेलायला. चारही वेळा तेच रॉकेट, तीच बाटली, फक्त पाणी आणि हवा नवी. पहिल्या आणि चौथ्या उड्डाणात फक्त २० मिनिटांचं अंतर होतं. पोरीनं घड्याळ लावून मोजलं. युविकाची माहितीही तिनं वहीत उतरून घेतलीय, आणि पंचायतीला पत्र दिलंय.

पाचव्या वेळी छत्री निघाली, पण रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, आठही दोरे पिळून एकाच वेणीसारखे झाले आणि कापड उघडलंच नाही. एक पंख जरा तिरका चिकटलाय, तो काढून नीट लावतो. पण त्याशिवाय दोरे आणि रॉकेट यांच्यामध्ये फिरता दुवा लावावा म्हणतोय, गळाच्या दोरीला मासेमारीवाले लावतात तसला. तो २७० ग्रॅमच्या रॉकेटच्या झटक्याला टिकेल का, की मी पितळेचा लहानसा लेथवरच काढू? कुणी वापरला असेल तर वजन किती आणि कुठं बांधला ते सांगा. पुढच्या रविवारी सकाळी परत माळावर जातोय.