शिक्षक मुळात लवचिक असावा लागतो का?
काही जण म्हणतात की अंगानं मुळातच लवचिक असलेलाच चांगला योगशिक्षक होतो, मला हे अजिबात पटत नाही. प्रसिद्ध योगगुरू बी.के.एस. अय्यंगार गुरुजींचंच बघा ना, जन्म १९१८चा, लहानपण टीबी, मलेरिया, टायफॉइडमध्ये गेलेलं, आणि मला तर वाटतं म्हणूनच पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या घेऊन कुणालाही आसन जमेल असं त्यांनी शिकवलं. दुसरे नावाजलेले योगगुरू पट्टाभी जोईस, ते पण अय्यंगारांचे गुरू कृष्णमाचार्य यांचेच शिष्य, पण जोईस यांचा भर श्वासाच्या लयीत ठरलेल्या क्रमावर! आमच्या मॅडम स्वतः कंबरदुखीमुळे योगाकडे वळलेल्या, त्या पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन) पाठीवर दाब देतच नाहीत, तळपायाला पट्टा अडकवून देतात आणि गुडघा वाकला तरी चालेल, श्वास अडकू देऊ नकोस एवढंच म्हणतात.